पापलेट केवढं असावं?

ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकाच्या आसपास असो की कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनांबाहेर, मालवणी खानावळीच्या फळ्यावर पापलेट थाळीचा भाव बहुतेक वेळा सगळ्यांत वरचा असतो. थाळीत येतं ते पापलेट अख्खं असतं. सोलकढीची वाटी, भाताची मूद आणि भाकरी यांच्यामध्ये नेमकं बसेल एवढं. अख्खा मासा पानात आला म्हणून गिऱ्हाईक खूश, लहान मासा स्वस्त पडला म्हणून मालकही खूश. हळदीच्या जेवणावळीतही हाच हिशेब चालतो. मोठ्या पापलेटाच्या तुकड्या केल्या की कुणाच्या वाट्याला डोकं येतं, कुणाच्या शेपूट. त्यापेक्षा माणशी एक अख्खं वाढलेलं बरं.

पण ताटात मावणारं पापलेट हे पुष्कळदा वाढ पुरी न झालेलं पापलेट असतं. त्याने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात. असे मासे जाळ्यात जात राहिले, की पुढच्या वर्षीच्या माशांची आईच बाजारात विकली जाते.

सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झालं. त्यामागे कौतुक होतं तशी काळजीही होती, कारण पापलेटासाठी नावाजलेल्या पालघरच्या सातपाटी बंदरातले मच्छीमार कित्येक वर्षं सांगत होते की मासा कमी होतोय आणि मिळतो तो लहान होत चाललाय. त्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवर ते आधारलेले आहेत आणि असा नियम करणारं महाराष्ट्र हे केरळनंतरचं दुसरं राज्य. चंदेरी पापलेट किमान १३५ मिलिमीटर, बोंबील किमान १८० मिलिमीटर. त्याहून लहान मासा पकडणंही बेकायदा आणि विकणंही.

मिलिमीटर ऐकून गोंधळून जायचं कारण नाही. मोठ्या माणसाचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण १७ ते १९ सेंटीमीटर भरतो. बोंबील हाताशेजारी धरला आणि तो बोटाच्या टोकापर्यंतही पोचत नसेल, तर त्याला अजून वाढायचं होतं. पापलेट धरलं आणि ते मधल्या बोटाच्या मधल्या पेराच्या अलीकडेच संपलं, तर तेही तसंच. हा आकार कमीत कमी आहे हेही ध्यानात ठेवायला हवं. त्यापेक्षा दोन-चार बोटं मोठा मासा घेतला तर त्याने निदान एकदा तरी अंडी घातली असण्याची शक्यता वाढते. किरकोळ बाजारात मोजपट्टी घेऊन सरकारी माणूस उभा नसतो. तिथे मोजणारा हात गिऱ्हाइकाचाच.

इथे एक गफलत मात्र होऊ द्यायला नको. लहान मासा आणि पिल्लू या दोन वेगळ्या गोष्टी. मांदेली, जवळा, करंदी हे जन्मजात लहान. बोटभर मांदेली ही पुरती वाढलेली मांदेली असते. जवळ्याचा जीव तर नखाएवढाच असतो आणि तो त्याच आकारात प्रजननही करतो. हे मासे झपाट्याने वाढतात, भरपूर अंडी घालतात, थोडं जगतात. सुरमई, घोळ, रावस यांचं तसं नाही. हे मोठे होणारे मासे. ते वीतभर असताना पाटीत दिसले, तर ती त्यांची पिल्लं. घोळीला आजकाल सोन्याचा भाव आहे, कारण तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, कोळी ज्याला भोत म्हणतात त्याला, परदेशात प्रचंड मागणी असते. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेहून जास्त घोळी सापडल्या आणि त्यांचे कोटीच्या वर रुपये झाले, तेव्हा ती बातमी देशभर गेली. एवढ्या किमतीचा मासा लहानपणीच वीस-तीस रुपयांच्या वाट्यात विकला जातो, हे मच्छीमाराचंही नुकसान आहे.

पिल्लं जाळ्यात येतात ती का, हे समजायचं तर जाळी पाहावी लागतात. सातपाटीचे कोळी पापलेटासाठी दालदी वापरतात. पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं हे जाळं; त्याच्या आसात, म्हणजे छिद्रात, मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. आस मोठा असेल तर लहान मासा आरपार निघून जातो. म्हणजे या जाळ्यात निवड करता येते. डोल जाळ्याचं काम वेगळं. भरती-ओहोटीच्या ओढीत खांबांना बांधलेली ही मोठी पिशवी. तोंड रुंद, शेपटाकडचा आस अगदी बारीक. बोंबील, जवळा, मांदेली यांच्यासाठी ती शेकडो वर्षं वापरात आहे आणि तिला इंजिनाची गरज नाही. पण बारीक आसामुळे जवळ्याबरोबर पापलेटाची पिल्लंही आत जातात. म्हणून बोंबील घेणं शहाणपणाचं असलं, तरी तो ज्या जाळ्यातून आला त्याचा आस केवढा, हा प्रश्न उरतोच. कोळीवाड्यांमधल्या संस्थांमध्ये याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाद झालेले आहेत.

त्यापलीकडची जाळी जास्त घातक. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जातो. पर्ससीनचं जाळं बांगड्याच्या किंवा तारलीच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून बटव्याच्या तोंडासारखं आवळलं जातं. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या शिफारशींनुसार पर्ससीनवर निर्बंध घातले. त्यांचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचं ठरलं. रात्री प्रखर एलईडी दिवे सोडून माशांना भुलवून पकडण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि दंडाच्या रकमा लाखांत गेल्या. तरीही एलईडीच्या बोटींविरुद्ध रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार आजही आंदोलनं करतात, यावरून अंमलबजावणीचं चित्र लक्षात येतं.

हंगामाचं गणित ठाणेकरांना निम्मं पाठ असतं. श्रावणात मासे वर्ज्य, नारळीपौर्णिमेला चेंदणी कोळीवाड्यातून मिरवणूक निघते, खाडीला नारळ अर्पण होतो आणि होड्या पाण्यात उतरतात. आज त्याच्या जोडीला कायदा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर मोठ्या बोटी उभ्या असतात. त्या दिवसांत डोंबिवलीच्या बाजारात कुणी ‘आजचंच, ताजं’ म्हणून पापलेट पुढे केलं, तर ते शीतगृहातलं असण्याची शक्यता फार मोठी. गोठवलेला मासा वाईट असतो असं नाही. नीट गोठवलेला मासा हा चार दिवस अर्धवट बर्फात पडलेल्या माशापेक्षा केव्हाही चांगला. फक्त तो ताज्याच्या भावाने घेऊ नये आणि एकदा सुटल्यावर पुन्हा गोठवू नये.

बंदीचा काळ माशांच्या विणीसाठी ठेवलेला आहे, पण मासे सरकारी तारखा पाहून अंडी घालत नाहीत. म्हणून बंदी १५ ऑगस्टपर्यंत लांबवावी, अशी मागणी पारंपरिक मच्छीमार करत आले आहेत. गिऱ्हाइकाने आपल्यापुरतं ठरवलं तर नारळीपौर्णिमेपर्यंत थांबणं काही अवघड नाही. पावसाळ्यात ठाण्यात रोहू, कटला हे तळ्यात वाढवलेले मासे भरपूर येतात, घराघरांत सुका जवळा, सोडे, दाबलेले बोंबील असतात. सोड्यांची खिचडी ही सीकेपी घरांची आवडती गोष्ट पावसाळ्याच्या सोयीतूनच आलेली. सुकं घेताना ते कोरडं, कडक, मूळ रंगाचं आहे ना हे पाहावं. हाताला ओलसर लागणारं, लालसर डाग पडलेलं किंवा बुरशीचा वास येणारं सुकं उन्हात टाकून सुधारत नाही.

आता खाडीबद्दल. ठाण्यात हा विषय नाजूक आहे, कारण या शहराच्या ताटातला मासा पूर्वी घराजवळून येत असे. चेंदणी, विटावा, कळवा इथले कोळी खाडीत बोय, कोळंबी, निवटी, चिंबोऱ्या पकडत. डोंबिवलीचं मोठागाव, कल्याणची दुर्गाडीजवळची खाडी, दिव्याची खाडी इथे आगरी-कोळी कुटुंबांचं पोट त्यावर चाले. साठच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं, खाडीच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरला रासायनिक कारखाने आले. त्यात भर पडली वाढत्या शहरांच्या सांडपाण्याची आणि सक्शन पंपांनी होणाऱ्या रेती उपशाची. चेंदणी बंदर रस्त्यावरच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी या खाडीचा जीवविज्ञानाच्या अंगाने वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. ठाणे खाडीच्या आणि उल्हास नदीच्या मुखाकडच्या गाळात पाऱ्यासह जड धातू साठल्याच्या नोंदी वेगवेगळ्या संशोधकांनी वारंवार केल्या आहेत. ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्था आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरायला सांगितले होते.

याच खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान. दोन्ही गोष्टी ठाणेकरांना अभिमानाच्या आहेत आणि असायलाच हव्यात. पण हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले म्हणजे पाणी शुद्ध झालं, असा त्याचा अर्थ निघत नाही. रोहित शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात आणि सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजतं. पक्ष्यांना जे मानवतं ते माणसाच्या पोटाला मानवेलच असं नाही.

खाडीतल्या सगळ्या जिवांपासूनचा धोका सारखाही नाही. सर्वांत जास्त जपून राहावं ते शिंपल्यांपासून. तिसऱ्या, कालवं, शिंपल्या हे प्राणी एका जागी राहून पाणी गाळून जगतात. तासाला कित्येक पेले पाणी त्यांच्या अंगातून जातं आणि पाण्यात जे असेल, मग तो मैल्यातला जंतू असो की धातू, ते मांसात साठत जातं. जंतू उकळल्याने मरतात. धातू मरत नाही. तो आमटीतही तसाच राहतो. त्यामुळे तिसऱ्या घेताना पहिला प्रश्न ‘कुठल्या?’ हा असायला हवा. कारखान्यांच्या पट्ट्याला लागून असलेल्या खाडीतल्या असतील तर सोडाव्यात. शहरांपासून दूरच्या, कोकणातल्या खाड्यांतल्या असतील तर घ्याव्यात, त्याही जिवंत: शिंपला घट्ट मिटलेला हवा, किंचित उघडा असेल तर टिचकी मारल्यावर मिटायला हवा. शिजल्यावर जो शिंपला उघडलाच नाही तो टाकून द्यावा. केरळात अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, देशातलं पहिलं. जाळ्याचा आस, लहान शिंपल्यांना संरक्षण आणि विणीच्या महिन्यांतली विश्रांती हे तिथल्या लोकांनी स्वतः पाळलं म्हणून ते मिळालं. महाराष्ट्राच्या खाड्यांना हे अशक्य नाही, पण त्याआधी पाणी सुधारावं लागेल.

चिखलात राहणाऱ्या चिंबोऱ्यांनाही काही प्रमाणात हाच नियम लागू. शिवाय पोटाखाली अंड्यांचा नारिंगी-काळा पुंजका असलेली मादी चिंबोरी घेऊ नये. ती चवीला विशेष नसते आणि तिच्या एका पोटात लाखो अंडी असतात.

पाऱ्याचा प्रश्न खाडीपुरता नाही. पारा समुद्रात सगळीकडे थोडा थोडा असतो. लहान जीव तो गिळतात, त्यांना मासे खातात, त्या माशांना मोठे मासे खातात आणि प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं. जपानच्या मिनामाता शहरात कारखान्याने खाडीत सोडलेल्या पाऱ्यामुळे माणसं लुळी पडली, आंधळी झाली, मेंदूला इजा झालेली मुलं जन्मली. १९५६ मध्ये तो रोग अधिकृतपणे नोंदला गेला आणि पुढच्या वर्षांत जगाला ही साखळी कळली. सर्वाधिक पारा साठतो तो मोठ्या, दीर्घायुषी शिकारी माशांत: मोठी मुशी (शार्क), मोठा कुपा, मोठी सुरमई. इथे कोकणातली एक रीत आडवी येते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी, मालवणात जिला मोरी म्हणतात ती, आवर्जून खायला घालतात. घरातल्या वडीलधाऱ्या बायका हे प्रेमाने करतात. पण गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क टाळावा, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही सांगतं, कारण बाळाच्या वाढत्या मेंदूला पारा सर्वाधिक बाधतो. दुधाला आणि बाळालाही जे हवं, ती प्रथिनं आणि ओमेगा-३, बांगड्यात आणि तारलीत भरपूर आहे. लहान अंगाची मुशी मोठीपेक्षा बरी, पण शार्कच्या पुष्कळ जाती उशिरा वयात येतात आणि पिल्लंही मोजकीच देतात. त्यांचा समुद्रातला साठा लवकर भरून येत नाही. मुशीऐवजी बांगडा निवडला तर आईचं, बाळाचं आणि समुद्राचं, तिघांचंही भागतं.

आणि हे वारंवार दिसतं. जो मासा शरीराला सुरक्षित, तोच बहुतेक वेळा समुद्रालाही परवडणारा असतो: अंगाने लहान, आयुष्याने छोटा, किनाऱ्याजवळचा, हंगामातला. तो खिशालाही परवडतो. मांदेलीचा वाटा, अर्धा किलो तारली आणि चार बांगडे एकत्र केले तरी एका मोठ्या पापलेटाची किंमत होत नाही.

बांगडा आणि तारली यांचा एक दोष मात्र माहीत हवा. बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांचं मांस गरम हवेत पडून राहिलं, की जंतू त्यात हिस्टामिन तयार करतात. मासा दिसायला ठीक असतो, वासही फारसा येत नसतो आणि खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगावर पित्त उठतं. घरात त्याला ‘मासा बाधला’ किंवा ‘ॲलर्जी आहे’ म्हणतात. खरं कारण बहुतेकदा बर्फाचं असतं. एकदा झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, चिंच-कोकम घालून जात नाही. म्हणून हे मासे बाजारातून शेवटी घ्यावेत, पिशवीत बर्फ मागून घ्यावा, घरी आल्याबरोबर साफ करून फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवावेत. मीठ-हळद लावून ओट्यावर दोन तास मुरत ठेवायची सवय थंडीत खपते, मे महिन्यातल्या डोंबिवलीत नाही. मीठ-हळद लावलेला मासाही फ्रिजमध्येच मुरू द्यावा.

ठाण्यातला मासा दुरून येतो, हे इथे महत्त्वाचं. ससून डॉक, भाऊचा धक्का, अर्नाळा, सातपाटी, काही वेळा गुजरात आणि रत्नागिरी. कोळणी पहाटे धक्क्यावर लिलावात माल घेतात आणि लोकलच्या मालडब्यातून किंवा टेम्पोतून बाजार गाठतात. तोवर मासा बोटीच्या खणात काही दिवस राहून आलेला असू शकतो. त्यामुळे ताजेपणाची परीक्षा डोळ्यांनी आणि बोटांनीच करायची. डोळे उठावदार आणि स्वच्छ हवेत. खोल गेलेले, दुधाळ झालेले नकोत. कल्ले उघडून पाहायला संकोच करू नये, ते लाल-गुलाबी हवेत. बोटाने दाबलं तर मांस लगेच वर आलं पाहिजे. पापलेटाचा कल्ला दाबला तर पांढरं पाणी यावं. तांबूस-तपकिरी आलं तर ते ठेवून द्यावं. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं आणि सांध्यांवर काळे डाग नकोत. बोंबील आतून गुलाबीसर, सालीला चमक असलेला. सुरमई तुकड्यांत मिळते तिथे कापण्याआधीचं डोकं पाहता आलं तर उत्तम.

फॉर्मलिनची भीती २०१८ मध्ये घराघरांत पोचली. त्या वर्षी केरळात ‘ऑपरेशन सागर राणी’त फॉर्मलिन लावलेला मासा पकडला गेला आणि जुलैत गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारातल्या तपासणीवरून एवढं रान उठलं, की सरकारने बाहेरून येणारा मासाच काही दिवस थांबवला. फॉर्मलिन प्रेतं टिकवायला वापरतात आणि अन्नात त्याला परवानगी नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याच वर्षी कागदी पट्टीची झटपट चाचणी बाजारात आणली. पट्टी माशावर घासायची, थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. एक तपशील लोकांना फारसा सांगितला जात नाही: माशाच्या मांसात फॉर्मल्डिहाइड थोडं आपोआपही तयार होतं आणि बोंबलासारख्या जातींत ते जास्त असतं. म्हणून घरच्या पट्टीचा रंग पाहून विक्रेत्यावर धावून जाण्यापेक्षा संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्यावी, नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्यावा. घरगुती खूण एवढीच: ज्या माशाला माशाचा वासच नाही, अंग रबरासारखं ताठ आहे आणि उघड्यावर असून माश्या बसत नाहीत, तो घेऊ नये.

पाळलेल्या माशांचीही एक बाजू आहे. बाजारातली एकसारख्या आकाराची कोळंबी बहुतेक व्हेनामी. मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची, भारतात २००९ पासून परवानगीने वाढवली जाणारी. ती नीट वाढवलेली असेल तर तिच्यावर आक्षेप घ्यायचं कारण नाही. प्रश्न असतो तो तळ्यात वापरलेल्या औषधांचा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे आणि निर्यातीच्या कोळंबीची त्यासाठी कसून तपासणी होते. तीच कसोशी ठाण्याच्या गिऱ्हाइकासाठी का नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा. समुद्रातल्या कोळंबीचा प्रश्न वेगळा आहे. ट्रॉलच्या जाळ्यात कासवं अडकतात म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्री कोळंबी घेणं थांबवलं. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून एक चांगली योजना सुरू आहे: जाळ्यात अडकलेलं कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी जाळं कापून सोडली, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यामुळे कित्येक कासवं परत समुद्रात गेली आहेत.

मांगूर मात्र सरळ नाकारावा. थाई मांगूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आफ्रिकी माशाच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. तो इतर मासे खाऊन संपवतो आणि कित्येक तळ्यांत कत्तलखान्याच्या सडक्या टाकाऊ मांसावर वाढवला जातो. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर भिवंडी परिसरातल्या मांगूरच्या तळ्यांवर मत्स्यव्यवसाय विभागाने कारवाई केली, तरी तो अधूनमधून टबात वळवळताना दिसतो. जिवंत आहे म्हणजे ताजा, या समजुतीवर तो खपतो.

निवड सोपी व्हावी म्हणून अमेरिकेतल्या माँटेरी बे मत्स्यालयाने १९९९ पासून हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांची खिशात मावणारी कार्डं काढली. आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठी ‘नो युअर फिश’ या मुंबईतल्या गटाने महिन्यागणिक दिनदर्शिका तयार केली आहे. कोणत्या महिन्यात कोणता मासा विणीवर असतो आणि टाळावा, ते तीत दिलेलं आहे. तिचा चांगला उपयोग होतो. पण रोजच्या खरेदीत कोळणीशी बोलण्याला तोड नाही. ‘मावशी, कुठल्या धक्क्याचा? दालदीचा की डोलीचा? बर्फात किती दिवस?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सहसा खोटं सांगत नाही, कारण तो पुढच्या रविवारीही येणार असतो. लहान पापलेट बाजूला सारून ‘हे नको, मोठं दे, नाहीतर बांगडा दे’ असं दहा गिऱ्हाइकं म्हणाली, की पुढच्या लिलावात काय उचलायचं ते ती बदलते. खानावळींनाही हे लागू आहे. पापलेट थाळीत अख्ख्या पिल्लाऐवजी मोठ्या माशाची तुकडी वाढणारी खानावळ निवडता येते आणि वाढप्याला तसं सांगताही येतं.

बाजाराची अवस्था हा यातला सर्वांत दुबळा दुवा. पुष्कळ कोळणी रस्त्याच्या कडेला, उन्हात, नळाच्या पाण्याविना, मूठभर बर्फावर माल मांडून बसतात. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फपेट्यांच्या दुचाकी, तीनचाकी, इन्सुलेटेड गाड्या आणि मासळी विक्री केंद्रांसाठी अनुदान आहे, आणि त्यात महिलांना जास्त वाटा आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी त्याचा पाठपुरावा करून प्रत्येक मासळी बाजारात पाण्याचा नळ, निचरा, बर्फयंत्र आणि किमान आकारांचा सचित्र मराठी फलक लावला, तर बांगडा बाधण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. नगरसेवक मत मागायला दारात आला, की रस्ता आणि गटार यांच्या जोडीने हेही त्याला विचारावं.